रंग, चव आणि वास

वुजूचे पाणी पाक आहे की नाही, हे ओळखण्याच्या तीन खुणा मकतबमध्ये शिकणाऱ्या मुलालाही ठाऊक असतात : रंग, चव आणि वास. वाहत्या किंवा मोठ्या साठ्याच्या पाण्यात नजासत (अपवित्र वस्तू) पडली आणि तिच्यामुळे या तीन गुणांपैकी एक जरी बदलला, तरी ते पाणी नापाक ठरते; एकही बदलला नाही, तर ते पाक राहते. हा नियम अत्यंत सोपा आहे आणि त्यात अल्लाहची मोठी कृपा आहे. डोळा, जीभ आणि नाक एवढ्या साधनांवर रानातला गुराखीदेखील आपल्या नमाजची तयारी करू शकतो. त्याला कोणाकडे विचारायला जावे लागत नाही.

परंतु वाचकहो, एखाद्या पदार्थाने पाण्याचा रंग बदलत नाही, चव बदलत नाही, वासही बदलत नाही, आणि तरीही त्या पाण्यात राहणाऱ्या जीवाचे शरीर आतून बिघडते, असे असेल तर? अशा पाण्याने केलेला वुजू दुरुस्त आहे, यात शंका नाही. प्रश्न वुजूचा नाहीच. ज्याच्या हातून तो पदार्थ पाण्यात गेला, त्याच्या जबाबदारीचा आहे. 'पाणी पाक आहे' या उत्तराने ती जबाबदारी संपते काय? याच प्रश्नाचा आपण येथे विचार करू.

प्रवरेच्या पाण्याचा प्रवास

अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील कोल्हार हे गाव प्रवरेच्या काठी आहे. नगर-मनमाड मार्गाने जाणारा प्रत्येक प्रवासी येथे नदीचा पूल ओलांडतो. अकोले तालुक्यातील रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा प्रथम भंडारदऱ्याच्या धरणात थांबते. हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या कालव्यांनी या भागाचे जीवनच पालटले. पुढे अकोले आणि संगमनेर मागे टाकून नदी कोल्हारला येते, आणि नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. गोदावरीचे पाणी पैठणच्या नाथसागरात साठते आणि तेथून छत्रपती संभाजीनगरच्या नळांपर्यंत पोहोचते. कोल्हारच्या पुलाखालून आज वाहणारे पाणी काही दिवसांनी दूरच्या एखाद्या घरात कोणाच्या तरी वुजूच्या लोट्यात असते. नदीकाठचा माणूस आपल्या शेजाऱ्याला ओळखतो. पण नदीमुळे त्याला किती शेजारी लाभले आहेत, याची मात्र त्याला क्वचितच जाणीव असते.

या परिसरावर अल्लाहने अनेक नेमतींचा वर्षाव केला. जवळच प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला, लोणीला मोठे ग्रामीण रुग्णालय उभे राहिले, घरोघरच्या गोठ्यांतून दुधाचा धंदा वाढला. ज्या आजारांत आपल्या आजोबांच्या पिढीने डोळ्यांदेखत मुले गमावली, ते आजार आज चार दिवसांच्या गोळ्यांनी बरे होतात. औषधाचा इन्कार करणे हा इस्लामचा मार्ग नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार करण्याची आज्ञा दिली आणि अल्लाहने कोणताही आजार उपायाविना उतरविलेला नाही, असे सांगितले. म्हणून औषधाविषयी तक्रार करण्याचे आपल्याला कारण नाही. आपण फक्त एवढेच पाहायचे आहे, की औषधाचे काम संपल्यावर ते जाते कोठे.

गोळी गिळली म्हणजे ती संपली, असा आपला समज असतो. वास्तविक शरीर तिचा काही भाग वापरते. उरलेला भाग, कधी मूळ रूपात तर कधी थोड्या बदललेल्या रूपात, शरीराबाहेर पडतो. तेथून गटार, गटारातून ओढा आणि ओढ्यातून नदी, असा त्याचा मार्ग आहे. जनावराला टोचलेल्या औषधाचीही हीच गत असते : ते शेणामुतातून उकिरड्यावर येते आणि पहिल्या पावसात वाहून जाते. साबण, शाम्पू, केसांचा कलप, अंगाला लावायची क्रीम आणि सुगंधी द्रव्ये तर शरीरात शिरतही नाहीत. ती न्हाणीघरातून थेट निघतात. शहरांत सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे असतात. पण मैला आणि घाण कमी करणे हे त्यांचे मुख्य काम. अनेक औषधांचे अंश त्यांतून जसेच्या तसे पार होतात. आपल्या गावांतील बहुसंख्य गटारांच्या वाटेवर तेवढीही चाळणी नाही.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात १०४ देशांतील २५८ नद्यांचे पाणी १,०५२ ठिकाणी तपासण्यात आले. त्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक ठिकाणी किमान एका औषधाचे प्रमाण जलचरांसाठी सुरक्षित मानलेल्या मर्यादेपेक्षा अधिक निघाले. म्हणजे हा कोण्या एका गावाचा किंवा एका देशाचा दोष नाही. माणूस जेथे जेथे औषध घेतो, तेथे तेथे नदीही ते घेते.

माशाला पाण्यातून उठून जाता येत नाही

आपल्याला एखादी जागा बाधली, तर आपण तेथून उठतो. माशाला हा मार्ग मोकळा नाही. तो पाण्यातच श्वास घेतो. त्याच्या कल्ल्यांतील रक्त आणि बाहेरचे पाणी यांच्यामध्ये अत्यंत पातळ पडदा असतो. त्यामुळे पाण्यात जे विरघळले आहे, ते अहोरात्र त्याच्या रक्ताला भिडत राहते. आजारी माणूस औषध दिवसातून दोन वेळा घेतो. माशाच्या बाबतीत ते घेणे कधी थांबतच नाही.

सांधेदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकचे उदाहरण घ्या. युरोपात ट्राउट माशांवर झालेल्या प्रयोगांत, लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणात हे औषध असलेल्या पाण्यात चार आठवडे ठेवल्यावर माशांच्या मूत्रपिंडांत आणि कल्ल्यांत बिघाड दिसू लागला. हे प्रमाण किती, ते दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला लगेच समजेल. ५० मिलिग्रॅमची एकच गोळी १० हजार लिटरच्या टँकरमध्ये विरघळली, की नेमके इतके प्रमाण होते. त्या टँकरच्या पाण्याचा रंग, चव आणि वास यांत आपल्याला कोणताही फरक जाणवणार नाही.

दुसरे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात शास्त्रीय प्रयोगांसाठी काही तलाव राखून ठेवलेले आहेत. त्यांपैकी एका तलावात २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतील संप्रेरक सोडण्यात आले. त्याचे प्रमाण लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे सुमारे २० कोटी लिटर पाण्यात १ ग्रॅम. आपल्या भाषेत २० हजार टँकरमागे चिमूटभर. एवढ्याने काय झाले? मिनो जातीच्या लहान माशांतील नरांच्या शरीरात मादीमध्येच आढळणारे, अंड्याच्या बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले. काही नरांच्या वृषणांत अंडी दिसू लागली. आणि काही वर्षांत त्या तलावातील या जातीचा वंश जवळजवळ संपुष्टात आला. एकही मासा पोट वर करून तरंगला नाही. माशांची फक्त पुढची पिढी जन्मली नाही.

तिसरे उदाहरण स्वीडनमधले आहे. तेथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, मनाची अस्वस्थता कमी करण्यासाठी माणसांना दिल्या जाणाऱ्या ऑक्झाझेपाम या औषधाच्या अल्पांशाने पर्च जातीच्या माशांचा स्वभावच बदललेला आढळला. कळपाने राहणारा हा सावध मासा एकटा आणि धाडसी झाला. नदीत कळप आणि भीती याच माशाच्या दोन ढाली असतात. आपल्या मनाला शांती देणाऱ्या गोळीने त्याच्या दोन्ही ढाली काढून घेतल्या.

कस्तुरी आणि साबण

आता शृंगाराच्या वस्तूंकडे वळू. सुगंध प्रेषितांना (स.) प्रिय होता, आणि कस्तुरीला त्यांनी सर्वोत्तम सुगंध म्हटल्याचे सहीह मुस्लिममधील हदीस सांगते. जुम्याचे गुस्ल करून, स्वच्छ कपडे घालून, अत्तर लावून मशिदीकडे निघणे ही आपली आवडती सुन्नत आहे. परंतु आज बाजारात कस्तुरीच्या नावाने जे मिळते, त्यातील बहुतेक कस्तुरी कारखान्यात रसायनांपासून बनलेली असते, आणि ती केवळ अत्तरांतच नव्हे, तर साबणात, कपडे धुण्याच्या पावडरीत आणि क्रीममध्येही असते. ही कृत्रिम कस्तुरी सहजासहजी नष्ट होत नाही, आणि तिला चरबीची ओढ असते. १९८१ मध्ये जपानमधील संशोधकांना टोकियोजवळच्या तामा नदीतील माशांच्या शरीरात ती सापडली. आपण खांद्यावर लावलेला सुगंध माशाच्या मांसात जाऊन बसतो, हे तेव्हा जगाला प्रथम समजले.

जंतुनाशक म्हणून साबणात घातल्या जाणाऱ्या ट्रायक्लोसानची कथा तर अधिक बोधप्रद आहे. हा पदार्थ शेवाळाला आणि माशांना घातक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये हात धुण्याच्या साबणांतून ट्रायक्लोसानसह १९ घटक वगळण्याचा आदेश दिला. साध्या साबण-पाण्यापेक्षा ते अधिक उपयोगी आहेत आणि दीर्घकाळ वापरण्यास सुरक्षित आहेत, हे उत्पादकांना सिद्ध करता आले नाही, हे त्याचे कारण होते. माशाचे नुकसान करून माणसाचा कोणता लाभ झाला, असे विचारले, तर त्याला उत्तर नव्हते.

मनातल्या तीन सबबी

इथपर्यंत वाचल्यावर मन काही सबबी पुढे करते. त्या प्रामाणिकपणे तपासल्या पाहिजेत.

पहिली सबब : माझा वाटा तो केवढा? एका घराची मोरी, एक बाटली, दोन गोळ्या. एवढ्याशा गोष्टीने नदीचे काय बिघडणार? या सबबीचे उत्तर सूरह जिलजालच्या अखेरच्या दोन आयतींत आहे. कणाएवढे सत्कर्म आणि कणाएवढे दुष्कर्म, दोन्ही कयामतच्या दिवशी माणसाच्या दृष्टीस पडतील, असा त्यांचा आशय आहे. आपण या आयती नमाजमध्ये कितीदा ऐकतो, आणि 'कणाएवढे' हा शब्द मनात उपमा म्हणून घेतो. वीस कोटी लिटरमधील एक ग्रॅम जर माशाच्या वंशाचा हिशेब बदलू शकतो, तर अल्लाहच्या तराजूत कण मोजला जाईल, यात आश्चर्य ते काय?

सहीह बुखारीत ह. नोमान बिन बशीर (रजि.) यांच्याकडून आलेली जहाजाची हदीसही येथे आठवावी. जहाजाच्या खालच्या मजल्यावरील लोकांनी पाण्यासाठी वर जाण्याचा त्रास वाचावा म्हणून आपल्याच भागात भोक पाडायचे ठरविले. त्यांना कोणाला बुडवायचे नव्हते. वरच्यांना उपद्रव होऊ नये, हाच त्यांचा हेतू होता. त्यांना कोणी अडविले नसते, तर सर्वच बुडाले असते. 'माझ्या हिश्शात मी काही करीन' हा युक्तिवाद एकाच जहाजातील लोकांना चालत नाही. एकाच नदीकाठच्या लोकांनाही चालत नाही.

दुसरी सबब : माझा हेतू वाईट नव्हता. ही सबब थोर मनाचीही असते. एखादे घर डोळ्यांपुढे आणा. घरातील वृद्धांचा इन्तिकाल झालेला आहे. काही दिवसांनी कपाट आवरताना औषधांची पिशवी हाती लागते : रक्तदाबाच्या गोळ्या, अर्धी उरलेली बाटली, न उघडलेली पाकिटे. ती पाहवत नाहीत. कोणी बाटली मोरीत रिकामी करतो, कोणी पिशवी पुलावरून खाली सोडतो; वाहते पाणी सोबत घेऊन जाईल, अशी समजूत असते. या कृतीत दुष्टपणा नाही, दुःख आहे. आपल्यापैकी किती तरी जणांच्या हातून हे घडलेले असेल.

अशा माणसाला इस्लाम काय सांगतो? चुकून घडलेल्या गोष्टीबद्दल दोष नाही, मनाने ठरवून केलेल्या गोष्टीबद्दल आहे, असे सूरह अहजाब (३३:५) मध्ये स्पष्ट आहे. पण आणखी एक गोष्ट आपण विसरतो. चुकून एखाद्याचा जीव गेला, तर हेतू नसूनही भरपाई आणि प्रायश्चित्त यांचा आदेश सूरह निसा (४:९२) मध्ये आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा झालेल्या हानीस जबाबदार धरला जाईल, असे हदीस सांगते. त्याचा हेतू तर बरे करण्याचा असतो. म्हणजे शरीअतने दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. गुन्हा हेतूवर अवलंबून असतो, भरपाई मात्र हानीवर. निर्मळ हेतूमुळे माणूस अपराधातून सुटतो. झालेली हानी भरून काढण्याच्या कर्तव्यातून तो सुटत नाही.

चांगल्या हेतूने केवढी हानी होऊ शकते, हे पाहण्यासाठी क्षणभर माशांवरून गिधाडांकडे वळू. औषध तेच आहे. दुखणाऱ्या गाई-बैलांना डायक्लोफेनॅक टोचणारे हात दयेचे होते. ती जनावरे मेल्यावर त्यांचे मांस गिधाडांनी खाल्ले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन गिधाडे मेली. काही वर्षांत दक्षिण आशियातील गिधाडांच्या तीन जाती ९५ टक्क्यांहून अधिक घटल्या. कारण २००४ मध्ये उघड झाले, आणि भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केले. दरम्यान मुंबईतील पारशी समाजाच्या अंत्यविधीची शतकानुशतकांची रीतच अडचणीत आली, कारण दख्म्यावर उतरणारी गिधाडे उरली नव्हती. दूरच्या एका गोठ्यातील इंजेक्शनाने शेजारच्या धर्मबांधवांच्या मयतीत अडथळा यावा, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. गिधाडांचा हिशेब पुढे आला, कारण मेलेली गिधाडे दिसत होती. माशांचा हिशेब पाण्याखाली आहे, एवढाच काय तो फरक.

तिसरी सबब सर्वांत अवघड, कारण ती धार्मिक आहे : पाणी पाक आहे, मासा हलाल आहे, मग अडचण कोणती? सूरह आराफ (७:१६३) मध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीची हकिकत आहे. शनिवारी मासेमारी न करण्याचा त्यांना आदेश होता, आणि नेमके त्याच दिवशी मासे पाण्यावर येत. भाष्यकार सांगतात, की त्यांनी शनिवारसाठी जाळे व खड्डे आधीच तयार ठेवले आणि रविवारी मासे उचलले. शब्द पाळला, आज्ञा मोडली. त्यांच्यावर कोप झाला, तो या चलाखीमुळे. तहारतचा नियम नमाजसाठी आहे. त्याचे उत्तर त्याच प्रश्नापुरते आहे. कोणाला हानी पोहोचवू नये, हा दुसरा नियम आहे आणि तो स्वतंत्रपणे लागू होतो. इब्ने माजा आणि मुवत्तामध्ये आलेल्या हदीसनुसार, स्वतःहून हानी करू नये आणि हानीच्या बदल्यातही हानी करू नये. पहिल्या नियमाचे उत्तर दाखवून दुसऱ्यातून सुटका मागणे म्हणजे शनिवारसाठी खड्डा खणणेच होय.

शिवाय साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली, पाणवठे, रस्ते आणि सावलीच्या जागा घाण करणे शापास कारण होते, असे बजावले. यांतून एक वृत्ती शिकविली गेली आहे : पाणी माझ्या एकट्याचे नाही, माझ्यानंतर तेथे कोणी तरी येणार आहे.

माणूस मोठा की मासा?

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. आजारी आईपुढे माशाची काय किंमत? उत्तर स्पष्ट आहे : आईचा जीव मोठा. इस्लामने माणसाला श्रेष्ठत्व दिले आहे आणि माणसाचे प्राण वाचविणे हे शरीअतचे मूळ उद्दिष्ट आहे. मधुमेहाची किंवा हृदयविकाराची गोळी नदीच्या काळजीने बंद करणे हा अधर्म होईल. या लेखाचा असा अर्थ कोणीही काढू नये.

परंतु धर्मशास्त्रज्ञांनी माणसाच्या गरजांच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली जरुरियात : ज्यांच्यावाचून जीवन टिकत नाही. दुसरी हाजियात : ज्यांच्यावाचून जीवन कष्टाचे होते. तिसरी तहसीनियात : ज्यांनी जीवनाला शोभा येते. आणि त्यांचा एक नियम आहे : निकडीने मिळालेली सवलत निकडीएवढीच असते. या मापाने आपले कपाट तपासून पाहा. जीव वाचविणारे औषध पहिल्या पायरीवर आहे. त्याचा अंश नदीत गेला, तर त्याला नाइलाज म्हणता येईल. पण साध्या सर्दीला दुकानातून स्वतःच मागून घेतलेले अँटिबायोटिक? तापाच्या प्रत्येक कणकणीला दोन-दोन गोळ्या? एकाऐवजी तीन साबण, चार क्रीम, दर आठवड्याला बदलणारा केसांचा रंग? अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडते, हे प्रेषितवचन खरे आहे. पण शोभेच्या पायरीवरील वस्तूसाठी दुसऱ्या जीवाच्या जीवनाचा बळी मागता येत नाही. सूरह आराफमध्ये (७:३१) सजण्याची परवानगी आणि उधळपट्टीची मनाई एकाच आयतीत आली आहे, हे लक्षात घ्यावे.

मासा लहान आहे, म्हणून त्याचा हक्क लहान नाही. पृथ्वीवर चालणारे व पंखांनी उडणारे जीव तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे सूरह अनआम (६:३८) सांगते. मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणारा क्षमेस पात्र ठरला, या हदीस आपण मुलांना सांगतो. कोंडलेल्या मांजरीला बाहेर जाता येत नव्हते. माशालाही येत नाही.

आपल्या घरापासून

जाणीव झाली, की अजाणतेपणाची सवलत संपते. तेथून अमानत सुरू होते. पृथ्वीवर खलिफा म्हणून नेमलेल्या माणसाला करता येण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यातील बरेचसे फुकट आहे.

औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये, आणि सांगितले तेवढेच घ्यावे. जरुरीपेक्षा जास्त पाकिटे विकत घेऊन ठेवू नयेत. उरलेले किंवा मुदत संपलेले औषध मोरीत, शौचालयात, ओढ्यात वा नदीत टाकू नये. केंद्र शासनाच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेल्या औषधांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती. ती वेगळी ठेवून संकलनाच्या ठिकाणी द्यावीत, असे त्यात अभिप्रेत होते. आपल्या गावात अशी सोय नसेल, तर ग्रामसभेत ती मागणे हा आपला हक्क आणि कर्तव्यही आहे. केरळमध्ये २०२५ साली कोझिकोडपासून घराघरांतील न वापरलेली औषधे गोळा करण्याची योजना सुरू झाली. जे तेथे शक्य आहे, ते येथेही अशक्य नाही. मशिदीच्या विश्वस्तांनी आणि गावातील औषध दुकानदारांनी मनावर घेतले, तर महिन्यातून एक दिवस पुरेसा आहे. ज्या पिशवीचा उल्लेख वर आला, तिच्यातील न उघडलेली व मुदत शिल्लक असलेली पाकिटे आधी डॉक्टरांना दाखवावीत. ती एखाद्या गरजू रुग्णाच्या कामी आली, तर पुलावरून सोडण्यापेक्षा मरहूमांसाठी तो कितीतरी उत्तम सदका होईल.

गोठा असलेल्या बांधवांनी पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय प्रतिजैविक टोचू नये. वेदनाशामक लागल्यास गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेले मेलॉक्सिकॅम मागावे. आणि उकिरडा ओढ्याच्या काठी नसावा. घरातील भगिनींनी साबण व क्रीमच्या वेष्टनावरील घटक वाचण्याची सवय लावावी. जंतुनाशक म्हणून मिरविणाऱ्या साबणापेक्षा साधा साबण बहुतेक वेळा पुरेसा असतो. अत्तर लावावे, पण थेंबभर. सुन्नत थेंबानेही पूर्ण होते.

मासे कोणासाठी दुआ करतात

शेवटी एका हदीसची आठवण करावीशी वाटते. ह. अबू दरदा (रजि.) यांच्याकडून तिर्मिजी आणि अबू दाऊदमध्ये आले आहे, की ज्ञानी माणसासाठी आकाशातील व पृथ्वीवरील सर्व, आणि पाण्यातील मासेदेखील, क्षमेची प्रार्थना करतात. पाण्यातील माशांचा वेगळा उल्लेख का झाला असावा, यावर विद्वानांनी चिंतन केले आहे. त्याचे एक कारण असे सांगितले जाते, की ज्ञानी मनुष्य लोकांना प्राणिमात्रांशी न्यायाने वागायला शिकवितो आणि त्याचा लाभ माशांपर्यंत पोहोचतो. आज औषध हे ज्ञानाचे फळ आहे आणि नदीत जाणारा त्याचा अंश हे अर्धवट ज्ञानाचे. जे ज्ञान गोळी बनविण्यापाशी थांबते आणि ती कोठे जाते हे विचारत नाही, त्याच्यासाठी मासे कोणत्या तोंडाने दुआ मागतील?

तरीही निराश होण्याचे कारण नाही. कॅनडातील त्या तलावात संप्रेरक सोडणे थांबविल्यावर काही वर्षांनी मिनो मासे पुन्हा वाढले. कोणी नवे मासे आणून सोडले नव्हते. वाचलेल्या थोड्यांतूनच वंश पुन्हा उभा राहिला. तौबाचेही असेच आहे. तिची पहिली अट चुकीचे कृत्य थांबविणे ही आहे. पुढचे अल्लाह करतो. सूरह रूममध्ये (३०:४१) जमिनीवर आणि पाण्यात पसरलेला बिघाड माणसांच्या हातच्या कमाईचा आहे, असे सांगून त्यामागचा हेतूही सांगितला आहे : त्यांनी परत फिरावे.

वाचकहो, पुढच्या वेळी कोल्हारच्या पुलावरून जाल, तेव्हा खाली पाहा. पाण्याला रंग नसेल, वासही नसेल. त्याच्या आत काय आहे, ते आपल्या डोळ्यांना दिसणार नाही. ते पाण्याला, माशाला आणि अल्लाहला ठाऊक आहे. ज्याच्यापासून एक कणही लपत नाही, तो आपल्याला आपल्या हातांची जाणीव देवो, आपल्या आजाऱ्यांना शिफा देवो, आणि आपल्या नद्यांना व त्यांतील जीवांना आपल्या अजाणतेपणापासून वाचवो. आमीन.